तुटक रेघ

बाबांनी फळी हातात घेतली, तिच्यावरून डाव्या हाताचं बोट एकदा सावकाश फिरवलं, आणि खिडकीच्या गजांमधून आडवी सरकवून ती खाली टाकून दिली. चिडून नव्हे, टपालपेटीत पाकीट टाकावं इतक्या निगुतीने. मग रुमालाने बोट पुसलं आणि मकरंदकडे बघून म्हणाले, "सोमवार." सात महिन्यांपूर्वी मेंदूत गुठळी होऊन त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली, तेव्हापासून त्यांच्यापाशी एवढा एकच शब्द उरला होता. भूक लागली तरी सोमवार, पंखा नको असला तरी सोमवार, आणि मुलाने दोन दिवस खपून कापलेली फळी चौथ्या मजल्यावरून फेकून दिली, त्याचं स्पष्टीकरणही सोमवार. होता गुरुवार. सेहेचाळीसाव्या वर्षी बापाने काम नापास केलं म्हणून वाईट वाटावं, ह्याची मकरंदला लाज वाटली. तेवढ्यात इंटरकॉम वाजला. खालचा वॉचमन कानडीत म्हणत होता, "सार, मेलिंद एनो बित्तु." वरून काहीतरी पडलं म्हणे. कुणाला लागलं नव्हतं हे नशीब. मकरंदने बाबांना पलंगावर बसवलं, बाहेर येऊन सवयीने त्यांच्या दाराला कडी घातली आणि लिफ्टची वाट न बघता जिने उतरायला लागला.

फळी एका स्कूटरच्या सीटवर उताणी पडली होती. एक कोपरा उडाला होता, बाकी शाबूत. बारा मिलिमीटरचं प्लायवूड, त्यावर बारीक खाचांनी कोरलेली एक खोली: समोरची भिंत, भिंतीत दार, कडेला पलंगाचं पायथ्याकडचं टोक. अशा फळ्या आजवर त्याने दहा कापल्या होत्या. ही अकरावी. दहाही वेळा बाबांनी फळीवरून बोट फिरवलं होतं, दाराच्या उजव्या कडेशी, छातीच्या उंचीवर नेऊन थांबवलं होतं, तिथल्या कोऱ्या लाकडावर घासलं होतं आणि फळी परत केली होती. मकरंदला वाटायचं, तिथे लाकडाची कूस राहिली असेल, बोटाला टोचत असेल. तो इमानाने पॉलिश पेपर घेऊन बसायचा, आधी जाडा, मग बारीक, आणि ती जागा काचेसारखी गुळगुळीत करून परत न्यायचा. बाबा पुन्हा तिथेच बोट घासायचे. दुसऱ्या दिवशी नवा कागद घ्यायचे, पुन्हा तीच खोली. डॉक्टरांनी ह्याला एक लांबलचक इंग्रजी शब्द सांगितला होता, त्याचा मराठीत अर्थ एवढाच की गाडी एकाच जागी घोळते. पण त्याच डॉक्टरांनी असंही सांगितलं होतं की त्यांना समजतं सगळं, फक्त बाहेर काढता येत नाही. ह्या दुसऱ्या वाक्यावर मकरंदचा विश्वास होता आणि नव्हताही. विश्वास ठेवायचा तर बाबा दिवसभर त्या खोलीत बसून काय काय समजून घेत असतील ह्याचा विचार करावा लागला असता. त्यापेक्षा त्याने स्वतःला एकच काम लावून घेतलं होतं: बाबांना काय सांगायचंय ते शोधायचं. सांगायचंय हे नक्की. चौतीस वर्षं विमानांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून काढलेला माणूस उगाच कागद काळे करत नसतो.

फळ्या कापायचं मशीन त्याने घेतलं ते नोकरी गेल्यावर. बेंगळूरच्या महादेवपुऱ्यातल्या ऑफिसात एका सकाळी त्याचं कार्ड दाराला लागेना, तेव्हा ती गेल्याचं कळलं. अमृताची नोकरी चालू होती. ती रोज दीड तास जायला आणि दोन तास यायला गाडीत बसून कंटाळून जायची, तरी नवऱ्याच्या रिकामपणाला एकदाही नावं ठेवली नाहीत, आणि तेच त्याला जास्त लागायचं. फिजिओथेरपिस्ट म्हणाला होता, अज्जांच्या, म्हणजे बाबांच्या, डाव्या हाताला काम द्या. मकरंदने हिशेब केला की एकाच मशीनमध्ये दोघांना काम मिळेल. टेबलाएवढा तो छंदी माणसांचा सीएनसी राऊटर, कॉम्प्युटरने आखून दिलेल्या वाटेवरून लाकूड कोरणारा, त्याने धुण्याच्या बाल्कनीत बसवला. बाबा पेन्सिलीने काढायचे, मकरंद त्या चित्राची मशीनसाठी वाट करायचा. हे वाटतं तितकं सोपं नाही. माणूस रेघ बघतो ती एक असते. कॉम्प्युटर बघतो तेव्हा त्याच रेघेला दोन काठ असतात, आणि मधली रेघ कुठली हे त्याला हाताला धरून दाखवावं लागतं. शिवाय डाव्या हाताची थरथर, खोडरबराचे ठसे, चहाचा थेंब. कागद स्कॅन करायचा, करडं सगळं पांढरं करायचं, मग स्क्रीनवरची एक खिट्टी सरकवायची. त्या खिट्टीचं काम असं की ठरावीक मापापेक्षा लहान जे काही असेल, ठिपके, कचरा, तुटलेले तुकडे, ते पुसून टाकायचं. मकरंदला ही खिट्टी फार आवडायची. सरकवली की कागद न्हाऊन निघायचा. उरायच्या त्या फक्त लांब, स्वच्छ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या रेघा. मशीनचा बिट, म्हणजे कोरणारं टोक, वाटेत दर दोन मिलिमीटरला उचलला गेला की आवाज वाईट यायचा. स्वच्छ वाटेवरून तो एका सुरात चालायचा. कितीतरी दिवसांत त्याच्या आयुष्यात दुसरं काहीच एका सुरात चालत नव्हतं. बाबांच्या थरथरत्या रेघा सरळ करताना त्याला आपण त्यांची सेवा करतोय असं वाटायचं, आणि थोडं, कबूल करायला हवं, वरचढपणाचंही वाटायचं. ज्यांनी लहानपणी त्याच्या भूमितीच्या वहीतली प्रत्येक रेघ पुसून परत काढायला लावली, त्यांच्या रेघा आता तो सुधारत होता.

तो वर आला तेव्हा चंदना आली होती. चंदना म्हणजे बाबांना सांभाळायला नऊ ते पाच येणारी मुलगी. बेंगळूरमध्ये तीनशे वर्षं राहिलेल्या मराठ्यांपैकी. तिचं मराठी ऐकून अमृताला पहिले आठ दिवस हसू आवरलं नव्हतं. मकरंदने फळी डायनिंग टेबलावर ठेवली. शेजारी बाबांचा मूळ कागद पडला होता. चंदना दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिली.

"अण्णा, एक विचारू का? रागवू नका बघा."

"विचार."

"अज्जा त्या बारीक बारीक रेघा ओढतात की, ह्या, दाराजवळच्या. त्यालाच फार वेळ लावतात. बाकीची खोली स्वल्प वेळात होते, अर्ध्या तासात. ह्या रेघांना दोन दोन दिवस. मोजून ओढतात. जीभ अशी बाहेर काढून." तिने जीभ दाताखाली धरून दाखवली. "आणि तुम्ही त्याच ठेवल्या नाहीत."

"तो कचरा आहे गं. हात थरथरतो ना त्यांचा, पेन्सिल टेकते मध्ये मध्ये."

"सरी," चंदना म्हणाली. तिचं सरी म्हणजे नेहमी बरं असायचं. आज त्यात तसं काही नव्हतं. "तुम्ही इंजिनेर. आम्हाला काय कळतंय. पण कचरा सरळ पडत नाही, अण्णा."

ती बाबांचा डबा गरम करायला आत गेली. मकरंदने कागद उचलला आणि बाल्कनीच्या उजेडात धरला. दाराच्या उजव्या कडेशी, छातीच्या उंचीवर, इवल्या इवल्या रेघा होत्या. तीन मिलिमीटर रेघ, एक मिलिमीटर जागा. तीन रेघ, एक जागा. थरथरत्या, पण एका मापाच्या. आणि त्याला एकदम लहानपणच्या जालहळ्ळीच्या क्वार्टरमधली ती दुपार आठवली, इतकी लख्ख की हाताला ड्रॉइंग बोर्डचा गारवा लागला. तो नऊ वर्षांचा होता. त्याने घर काढलं होतं आणि बाबांना सांगितलं होतं की ह्या घरामागे मांजर बसलंय, पण ते दिसत नाही म्हणून काढलं नाही. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्याला मांडीवर घेतलं. एरवी ते त्याला मांडीवर घेत नसत. म्हणाले, "दिसत नाही म्हणून काढायचं नाही असं नसतं, मक्या. दिसतं ते अखंड रेघेने काढायचं. आणि जे आहे, पण इथून दिसत नाही, ते तुटक रेघेने. तीन रेघ, एक जागा. तुटक रेघ चुकली तर विमान पडतं, कारण आत काय आहे हे कुणाला कळतच नाही." मग दोघांनी मिळून घराच्या भिंतीवर तुटक रेघेचं मांजर काढलं होतं. शेपटीसकट. मकरंदने पुढे इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी हेच सगळं पुन्हा शिकून परीक्षा दिली होती, चांगल्या मार्कांनी, आणि विसरून गेला होता. खिट्टीला तर कुणी शिकवलंच नव्हतं.

तो लॅपटॉपपाशी बसला. मूळ स्कॅन त्याने फेकले नव्हते, एवढं एक शहाणपण त्याच्या हातून झालं होतं. अकराही उघडले आणि एकाशेजारी एक लावले. पहिल्यात दारावर तुटक रेघेची एक लहानशी आडवी पट्टी होती, नखाएवढी. दुसऱ्यात तीच, जरा मोठी. चौथ्यात पट्टीला एक मूठ आली होती. सहाव्यात पट्टी ज्या खोबणीत सरकते ती खोबण. सातव्यात रेघा इतक्या मोठ्या होत्या की खिट्टीला दोन पुरून उरल्या होत्या. त्या दोन आपण माउसने धरून, स्वतःच्या हाताने डिलीट केल्याचं त्याला आठवलं. शिवाय तेव्हा तो फोनवर कुणाशी तरी बोलतही होता. आठ, नऊ, दहा. गाडी एकाच जागी घोळत नव्हती. ते एकाच ड्रॉइंगच्या सुधारित आवृत्त्या काढत होते, मठ्ठ ज्युनिअरला समजेपर्यंत. कारखान्यात त्यांनी कधी कुणाशी तोंडी भांडण केलं नाही. चूक दिसली की ती कागदावर दाखवायची आणि कागद परत पाठवायचा, हीच त्यांची रीत. अकराव्यात त्यांनी त्या पट्टीचं वेगळं मोठं चित्र कोपऱ्यात काढलं होतं. कडी. बाहेरून लावायची कडी, आतून बघणाऱ्याला दिसणार नाही अशी. तिला चार भोकं. तीन भोकांत स्क्रू दाखवलेले, चौथं रिकामं.

चौथा स्क्रू मकरंदच्या हातून बसला नव्हता. लाकूड पिचलं होतं. पाच महिन्यांपूर्वीची गोष्ट. चंदना औषध आणायला गेली असताना बाबा काठी घेऊन घराबाहेर पडले आणि तीन तास सापडले नाहीत. सापडले ते हेब्बाळच्या उड्डाणपुलाखाली, सर्व्हिस रोडच्या कडेला बसलेले, एका पायात चप्पल, गुडघा फुटलेला, आणि कुणीतरी दिलेली पाण्याची बाटली मांडीवर. मकरंदने त्यांना तिथे, रस्त्यावर, लोकांदेखत ओरडून विचारलं होतं, "कुठे निघाला होतात? अहो, कुठे?" ते म्हणाले, "सोमवार." दुसऱ्याच दिवशी त्याने कडी आणली. बाबा झोपलेत असं बघून बसवली, ड्रिलचा आवाज नको म्हणून हाताने स्क्रू पिळत. आधी ती फक्त चंदना बाजारात गेली की लागायची. मग ती स्वयंपाकघरात असली तरी. मग कुणी ठरवलं नाही, पण दिवसभर. जेवायला हॉलमध्ये आणायचे तेव्हा दार सताड उघडं असायचं, कडी भिंतीकडे फिरलेली, आणि त्याची खात्री होती की बाबांच्या ती लक्षात आलेली नाही. त्यांनी येता-जाता स्क्रू मोजले होते. आत बसून, ती कडी लागल्याचा आवाज ऐकत, पाच महिने. मकरंदने खिडकी उघडली. खाली तळ्याच्या बाजूने गाड्यांचा तोच तो घोंघाट येत होता.

अमृताला त्याने फोन केला. ती मीटिंगमधून बाहेर येऊन ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "बापरे."

"काढून टाकू का कडी?"

"काढ ना. काढ. आणि मग? तू बसणार आहेस दाराशी दिवसभर? उद्या तुझा इंटरव्ह्यू आहे, लागली नोकरी तर? चंदना बाथरूमला गेली, अर्धं मिनिट डोळा लागला तिचा..." तिचा आवाज चिरकला. "मकरंद, मी वाईट नाहीये. गेल्या वेळी मिळाले. दर वेळी मिळतील असं नसतं रे."

ती वाईट नव्हतीच. वाईट कुणीच नव्हतं, आणि म्हणून कुठे बोट ठेवायलाही जागा नव्हती.

पण एक करता येण्यासारखं होतं आणि ते त्याने केलं. सगळी दुपार बसून त्याने अकराव्या कागदाची वाट नव्याने तयार केली. खिट्टीला हात लावला नाही. एकेक तुटक रेघ हाताने पकडली, तिची मधली रेघ शोधली, थरथर होती तशी ठेवली. एकशे अठरा तुकडे. मशीनचा बिट दर तीन मिलिमीटरला वर उचलला जायचा, पुढे सरकायचा, खाली टेकायचा. ठक, ठक, ठक, दीड तास. शेजारच्या कामतबाई दार उघडून बघून गेल्या. भुसा त्याने ब्रशने काढला. पॉलिश पेपर लावलाच नाही.

सकाळी दहाला त्याने फळी बाबांच्या हातात दिली. बाबांनी बोट फिरवलं: भिंत, चौकट, दार. उजव्या कडेशी आले. बोट थांबलं. मग एक एक खाच मोजल्यासारखं पुढे सरकलं, मूठ, खोबण, तीन स्क्रू, रिकामं भोक. त्यांनी वर बघितलं. आपल्या बापाच्या तोंडावर इतका आनंद मकरंदने आधी कधी पाहिला नव्हता. निकालाच्या दिवशी नाही, लग्नात नाही. अर्धा चेहरा उचलला जात नव्हता, उरलेला सगळा हसत होता. "सोमवार," ते म्हणाले, अगदी हळू. शाबास म्हणावं तसं. मग काठी ओढली, पाय चपलेत घातले, उजवा पाय हाताने उचलून घातला, आणि उठून दाराकडे तोंड करून उभे राहिले. घाई नव्हती. काम पुढच्या टेबलावर गेलं होतं, आता ते होणारच होतं.

साडेदहाला इंटरव्ह्यू होता. त्याने अजून शर्ट बदलला नव्हता, लॅपटॉप लावायचा होता. चंदनाचा फोन आला होता की होसकोट्याकडून येणारी बस अडकलीय, स्वल्प उशीर होतो, अण्णा. घरात दुसरं कुणी नव्हतं. मकरंद बाबांसमोर उभा राहिला आणि त्याने सांगायला सुरुवात केली. "बाबा, मला कळलंय. खरंच कळलंय. फक्त एक तास. मग आपण दोघं खाली जाऊ, तळ्यापर्यंत जाऊ. आत्ता कुणी नाहीये घरात, म्हणून." तो बोलत होता ते सगळं खरं होतं. बाबा ऐकत होते. त्यांच्या तोंडावरचं हसू हळूहळू कसं गेलं हे त्याने पाहिलं. ते एकदम गेलं नाही, आधी डोळ्यांतून गेलं, तोंडावर थोडा वेळ तसंच राहिलं. तो मागे मागे सरत उंबऱ्याबाहेर आला. दार ओढलं. कडी घातली. आतून काठी आपटल्याचा, दार ढकलल्याचा आवाज येईल म्हणून कान देऊन उभा राहिला. काही आलं नाही.

आणि तिथे, पॅसेजमध्ये, इंटरव्ह्यूला चार मिनिटं उरलेली असताना, त्याला उमगलं की आपण काय केलं. इतके महिने बाबांना वाटत होतं की मुलाला कळत नाहीये. तेवढ्या एका गैरसमजावर ते जगत होते. मुलगा मठ्ठ आहे, अजून नीट काढून दाखवलं पाहिजे, मोठं काढलं पाहिजे, कोपऱ्यात वेगळं काढलं पाहिजे. कळलं की उघडेल. न कळणाऱ्या मुलाला पुन्हा समजवता येतं. कळलेल्याला काय समजवणार? काल फेकलेल्या फळीत बाबांची आशा होती, आणि आज आपण ती एकशे अठरा तुकड्यांत, अचूक, कापून त्यांच्या हातात दिली. त्याला आत जाऊन त्यांचे पाय धरावेसे वाटले. त्याने शर्ट बदलला आणि लॅपटॉप उघडला. इंटरव्ह्यू बरा झाला.

तासाने त्याने दार उघडलं तेव्हा बाबा पलंगावर निजले होते, भिंतीकडे तोंड करून, चपला काढलेल्या. तो म्हणाला, "चला, तळ्यावर जाऊ." ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी त्याने कडी खरंच काढली, तीनही स्क्रू. त्यांना ते दाखवलं, तळहातावर ठेवून. त्यांनी स्क्रूकडे बघितलं आणि दुसरीकडे मान वळवली. आता दार दिवसभर उघडं असायचं आणि बाबा त्यातून बाहेर यायचे नाहीत. जेवायला तेवढं चंदना हाताला धरून आणायची. कागद पुढे ठेवला तर तसाच राहायचा. पेन्सिलीला टोक करून दिलं तर तसंच राहायचं. चंदना दोन दिवस त्यांच्याशी कानडीत, मराठीत, हातवारे करून बोलून बघत होती, मग तिनेही सोडून दिलं. नवी नोकरी पंधरा तारखेपासून होती. मशीनवर चादर घातली गेली.

रविवारी रात्रीच्या जेवणाला चौघंही टेबलाशी होते. चंदना मुद्दाम थांबली होती. अमृताने बाबांच्या भातावर तूप घातलं, त्यांच्याकडे बघितलं आणि बऱ्याच दिवसांनी मोकळी हसली.

"किती शांत झालेत रे बाबा. चिडचिड नाही, काही फेकणं नाही, बाहेर जायचं नाव नाही. मी उगाच नावं ठेवली मनातल्या मनात, पण तुझ्या त्या मशीनचा उपयोग झाला म्हणायचा."

चंदनाने खाली बघितलं.

"हो," मकरंद म्हणाला.

बाबा समोरच बसले होते. त्यांनी ते ऐकलं, आणि घास तोंडात घातला.